असत्यकथन, बायबलमधील

सद्‌हेतूने केलेली फसवणूक क्षम्य ठरते काय, याविषयी बायबलच्या आधारे ख्रिस्ती धर्मशास्त्रात झालेला वाद. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा मूलतः न्यायसभेतील साक्षीस उद्देशून असावी. लेवीयच्या ग्रंथात (१९ : ११) परस्परांशी लबाडी न करण्याचा व्यापक नियम आहे खरा; परंतु जुन्या करारातील कथा तितक्या सरळ नाहीत. इब्री मुलगे मारण्याची फेरोची आज्ञा मोडणाऱ्या शिप्रा व पुवा या सुइणी, आपण पोहोचण्यापूर्वीच इब्री स्त्रिया प्रसूत होतात, अशी सबब सांगतात आणि देव त्यांचे कल्याण करतो (निर्गम १ : १५–२१). यरीहोची राहाब हेरांना धाब्यावर लपवून राजाच्या माणसांना भलत्याच वाटेला लावते. नव्या करारात तिची गणना श्रद्धावंतांत होते (इब्री ११ : ३१).

वादाला तोंड फुटले ते मात्र नव्या करारावरून. अंत्युखिया येथे पौलाने पेत्राला ढोंगाबद्दल सर्वांसमक्ष दोष दिला (गलती. २ : ११–१४). पेत्राचे वर्तन व पौलाचा रोष ही दोन्ही लोकांच्या हितासाठी केलेली बतावणी होती, असे सेंट जेरोमने ऑरिजेनला अनुसरून लिहिले. सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) यास हरकत घेतली. धर्मग्रंथात एक उपयुक्त असत्य मान्य केले, की गैरसोयीचे कोणतेही वचन तसेच ठरविता येईल, हा त्याचा मुद्दा निरुत्तर करणारा होता. त्याचे पत्र जेरोमच्या हाती पडण्यापूर्वीच इतरत्र वाचले गेल्यामुळे उभयतांत काही काळ कटुताही आली.

सुमारे ३९५ मध्ये ऑगस्टीनने असत्याचे आठ प्रकार पाडून सर्वच निषिद्ध ठरविले. सुमारे ४२० मध्ये प्रिसिलियन पंथीयांना हुडकण्यासाठी त्या पंथाचे सोंग घ्यावे काय, असे कॉन्सेंटियसने विचारले असता त्याने नकारच दिला. सुइणींना फळ मिळाले ते दयेचे, असत्याचे नव्हे, असे तो म्हणतो. याकोबाने एसाव असल्याचे भासवून मिळविलेला आशीर्वाद मात्र तो असत्य न मानता गूढ प्रतीक मानतो. हे त्याचे सर्वांत दुबळे समर्थन होय. थगास्तेचा बिशप फर्मस याचे त्याने दिलेले उदाहरण अधिक बोलके आहे : आश्रयास आलेल्या माणसाविषयी विचारणा झाली, तेव्हा आपण खोटेही बोलणार नाही व त्याला धरूनही देणार नाही, असे सांगून फर्मसने छळ सोसला.

जॉन कॅसियनने असत्याला विषारी औषधाची उपमा देऊन प्राणांतिक प्रसंगी ते ग्राह्य मानले. टॉमस अक्वायनसने सर्व असत्य पापच, परंतु सर्व महापाप नव्हे, असा भेद केला. ह्यूगो ग्रोशियसने १६२५ मध्ये ऐकणाऱ्याचा सत्यावरील हक्क ही कसोटी पुढे आणली. रोमन कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या प्रश्नोत्तर-ग्रंथातील असत्याच्या व्याख्येत हा हक्काचा उल्लेख होता. १९९७ च्या अधिकृत लॅटिन पाठातून तो गाळण्यात आला.