बंगईचा झोका आणि कानातला तोल

विदर्भात झोपाळ्याला बंगई म्हणतात. वणीच्या आसपास कापूस वेचणारी आई झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधते आणि रडणारे मूल थोड्या झोक्यांत निजते. ही युक्ती घरोघरच्या आजीला ठाऊक आहे. विज्ञान मात्र तिथवर जरा आडवाटेने पोहोचले.

१८०४ साली जोसेफ मेसन कॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी मनोरुग्णांसाठी फिरत्या झोपाळ्याचा पुरस्कार केला. मूळ कल्पना इरॅस्मस डार्विन यांची, म्हणजे चार्ल्स डार्विन यांच्या आजोबांची. रुग्णाला खुर्चीत बांधून गरगर फिरवीत. त्याला चक्कर येई, उलट्या होत. थकून तो गप्प झाला, की उपचार लागू पडला असे समजत!

असे का होते, हे पुढे उलगडले. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या फ्लूरान्स यांना कबुतरांच्या आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका कापल्यावर त्यांचा तोल जातो असे दिसले. १८७३-७४ मध्ये माख, ब्रॉयर आणि क्रम ब्राऊन या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवले, की या नलिकांतील द्रवामुळे आपल्याला गिरकी कळते. सरळ रेषेतील हालचाल शेजारच्या पिशव्यांतील सूक्ष्म स्फटिकांमुळे कळते. म्हणजे गिरकी आणि झोका यांच्या बातम्या मेंदूकडे वेगवेगळ्या जातात.

घंटा वाजताच कान झाकणारे किंवा सतत गिरक्या घेणारे मूल आपल्याही वर्गात असू शकते. अशा मुलांच्या संवेदनांचा विचार करून अमेरिकेतील जीन एअर्स यांनी १९७२ साली पुस्तक लिहिले. त्यांच्या पद्धतीत झोपाळ्याला महत्त्वाचे स्थान होते. मात्र या उपचारांचा पुरावा मर्यादित आहे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली नमूद केले. तेव्हा झोपाळा हा विसावा आहे, औषध नव्हे.

मग घरात किंवा शाळेत कोणता टांगावा? एका कडीवरचा झोपाळा गिरक्या घेतो, दोन कड्यांवरचा पुढे-मागे झुलतो. शांत करायला बहुधा दुसरा बरा. साखळी लांब असली की झोका संथ होतो: १ मीटर लांबीला सुमारे २ सेकंद, सव्वादोन मीटरला ३ सेकंद. काही मुलांना अंगाला लपेटणारी कापडी झोळी आवडते, तर काहींना पाय जमिनीला टेकलेले हवे असतात. ६० अंशांवरून येणारा झोका तळाशी कडीला वजनाच्या दुप्पट ओढतो. म्हणून तुळई मिस्त्रीकडून तपासून घ्यावी, खाली गादी घालावी. मुलाला फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

चेहरा पांढरा पडला, घाम आला, की झोका थांबवावा. कॉक्स यांच्या खुर्चीतल्या रुग्णाला थांबा म्हणण्याची सोय नव्हती. आपल्या बंगईवरच्या मुलाला ती हवीच. बोलता येत नसेल, तर हाताच्या खुणेने.