जुन्या मोटारीचे मोल : कुर्ल्याच्या फियाटपासून रांजणगावच्या फियाटपर्यंत

वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते, हा बाजाराचा साधा नियम स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षे भारतातील मोटारींना जवळजवळ लागू नव्हता. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असल्याने वापरलेल्या गाडीला तिच्या गुणांमुळे नव्हे, तर ती आज हाती येते एवढ्याच कारणाने भाव मिळे. कमी पैशांत मिळणारी आणि तरीही चालवताना मन रमवणारी जुनी गाडी हा आज हौशी चालक ज्याचा शोध घेतात तो वर्ग म्हणूनच अलीकडच्या काळातला आहे. तो आकाराला येण्यासाठी नुसती टंचाई संपून भागले नाही. बाजार गाडीला ज्या मापाने तोलतो आणि चालक तिला ज्या मापाने पारखतो, त्या दोन मापांची फारकत व्हावी लागली.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मुंबईच्या रस्त्यांवर प्रामुख्याने परदेशी बनावटीच्या गाड्या होत्या. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना उभारला होता. जुळणी म्हणजे परदेशातून सुटे भाग पेट्यांत भरून आणायचे आणि येथे त्यांची गाडी उभी करायची. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनेही कुर्ल्यात १९४७ पासून आरंभ केला तो क्रायस्लर समूहाच्या गाड्यांच्या जुळणीनेच. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनुसार सरकारने असे धोरण स्वीकारले की, टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी येथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी नाही त्यांनी नुसत्या जुळणीवर राहू नये, आणि त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी येथून काढता पाय घेतला. खासगी मोटारींच्या क्षेत्रात मग मुख्यतः तीन नावे उरली : पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर.

प्रीमियरने १९५४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी बनवायला घेतली. पहिल्या घाटाच्या या गाडीचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असल्याने उलटे उघडत आणि तिच्या फुगीर, गुबगुबीत आकारामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट असे अवतार घेत ती १९६४ च्या सुमारास डिलाइटच्या चौकोनी रूपाला पोहोचली. पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी ही नावे बदलली, पण गाडी मुळातून तीच राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचे, सुमारे चाळीस अश्वशक्तीचे इंजिन आणि नऊशे किलोच्या आत-बाहेरचे वजन हे तिचे आकडे आज किरकोळ वाटतील. तिचा गुण आकड्यांत नव्हता, तो बांधणीत होता. पुढची चाके दोन्ही बाजूंना एकावर एक असलेल्या दोन दांड्यांवर स्वतंत्रपणे टांगलेली असत, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी त्याचा धक्का दुसऱ्याला लागत नसे. मागे मात्र बैलगाडीच्या आसासारखा अखंड ॲक्सल आणि पोलादी पट्ट्यांचे पाटे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मागे डाव्या हाताला असे आणि या रचनेला मराठी चालक आजही ‘हँड गिअर’ म्हणतात. तो नीट बसवलेला असला तर बोरघाट चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात येणे हे बोटांचे काम होते, आणि बसवलेला नसला तर तेच काम मनगटाची परीक्षा ठरे.

हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर ही ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली गाडी प्रशस्त होती आणि खेड्यापाड्यांच्या रस्त्यांना पुरून उरणारी होती, पण वळणात ती झुके. सरकारी कचेऱ्या, पुढारी आणि मोठी कुटुंबे तिच्याकडे वळली, तर मुंबई-पुण्याकडे स्वतः गाडी चालवणाऱ्या डॉक्टर-वकिलांचा ओढा फियाटकडे राहिला, हा योगायोग म्हणता येणार नाही. स्टँडर्ड हेराल्ड या तिघींत सर्वांत देखणी. तिची आकृती इटालियन रचनाकार जोव्हानी मिकेलोत्ती यांची, आणि सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती पूर्ण वळे, म्हणजे गिरगावातल्या अरुंद गल्लीतही तिला मागे-पुढे करावे लागत नसे. तिची मागची चाके मात्र मध्यभागी सांधा असलेल्या अर्ध्या-अर्ध्या ॲक्सलवर झुलत, त्यामुळे वेगात वळताना चाक आतल्या बाजूला दुमडून गाडीची पकड एकाएकी सुटू शके. चालवायला मजेची गाडी आणि चालकाला क्षमा करणारी गाडी या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, याचा धडा भारतीय हौशी चालकांना बहुधा तिनेच प्रथम दिला.

या तीन गाड्यांमध्ये निवड करण्याचे स्वातंत्र्य बहुतेकांना कागदावरच होते. १९५९ च्या मोटारगाड्या वितरण व विक्री नियंत्रण आदेशाने नवी गाडी कोणाला व कशी मिळावी हे सरकारी नियमात बसवले, तर १९६९ मध्ये किमतींवर कायद्याने नियंत्रण आले आणि योग्य किंमत कोणती हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. किमती बांधलेल्या आणि उत्पादन तोकडे, अशा स्थितीत जे व्हायचे तेच झाले : जिच्यावर मालकाचे नाव नुकतेच चढले आहे अशी गाडी अधिकृत किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन दुसऱ्याच्या हाती जाऊ लागली आणि या वरकड रकमेला मुंबईच्या व्यवहारभाषेत ‘ऑन’ हा शब्द रूढ झाला. इतर टंचाईच्या वस्तूंच्या बाबतीतही ‘ऑन’ असेच, पण दोन वर्षे वापरलेली वस्तू नव्याहून महाग विकली जाण्याचा चमत्कार मोटारीइतका ठळकपणे क्वचितच दिसला असेल.

त्यामुळे त्या काळात जुनी गाडी पारखण्याची कला होती ती मजा शोधण्याची नव्हती, फसवणूक टाळण्याची होती. ग्राहक सोबत ओळखीचा मिस्त्री नेत असे. मिस्त्री आधी धुराकडे बघे, कारण निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या कड्या झिजून तेल जळू लागल्याची खूण. मग इंजिन एकदा ‘बोअर’ झाले आहे का हे विचारले जाई, म्हणजे झिजलेली सिलिंडरे आतून तासून मोठी करून त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन बसवले आहेत का. समुद्राच्या खाऱ्या हवेत मुंबई-कोकणातल्या गाड्यांचा तळपत्रा गंजून चाळणी होत असल्याने पायाखालचे रबर उचलून पाहिल्याशिवाय सौदा होत नसे. जाहिरातींत ‘पारशी-ओन्ड’ हे दोन शब्द आले की गाडीचा भाव वधारे, कारण पारशी मालक गाडीची निगा घरच्या माणसासारखी राखतो असा मुंबईत सार्वत्रिक समज होता. ही एक प्रकारची हमीच होती. ती कोणत्याही कंपनीने दिलेली नव्हती, एका समाजाच्या लौकिकाने दिलेली होती.

टंचाईच्या या भिंतीला एक-दोन फटी होत्या. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात आयात बरीच मोकळी असल्याने पन्नाशीच्या दशकात तेथे जर्मन बनावटीच्या गाड्या, अगदी टॅक्सी म्हणूनही, फिरत होत्या, आणि १९६१ नंतर त्या भारतीय रस्त्यांचा भाग झाल्या. दुसरीकडे, परदेशी वकिलातींनी वापरून टाकलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विक्रीस निघत. मात्र या गाड्यांचे सुटे भाग मिळणे इतके दुरापास्त होते की त्या बाळगणे ही श्रीमंतांची हौसच राहिली. गाडी स्वस्त आहे की महाग हे खरेदीच्या दिवशी कळत नाही, पहिला सुटा भाग शोधायला निघाल्यावर कळते, ही अक्कल जुन्या गाड्यांच्या बाजाराला या काळात आली ती पुढे कायम राहिली.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि चालवण्याच्या आनंदाची व्याख्याच हलली. ७९६ घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन, पुढच्या चाकांना दिलेली शक्ती आणि जेमतेम साडेसहाशे किलोंच्या घरातले वजन यांमुळे तिला जो चटपटीतपणा आला तो फियाटवाल्यांनाही चकित करणारा होता. दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि काही काळ तिच्यावरही ‘ऑन’ चालला. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी याच गाडीचे इंजिन घेऊन एकआसनी शर्यतीची गाडी बनवली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘फॉर्म्युला मारुती’ ही स्वस्त शर्यतमालिका सुरू झाली. त्याआधी मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर फियाट आणि हेराल्ड इंजिने फुगवून पळवल्या जातच होत्या, त्यामुळे घरगुती गाडीतून वेग काढण्याची विद्या नवी नव्हती. नवे होते ते हे की आता सुरुवातच हलक्या गाडीपासून होत होती.

खरी फारकत झाली ती १९९३ मध्ये मोटारनिर्मितीवरचे परवाना-बंधन उठल्यानंतरच्या दशकात. मारुतीच्या झेन आणि एस्टीमपाठोपाठ कल्याणजवळ प्रीमियरच्या भागीदारीत बनलेली फ्रेंच पूजो ३०९, गुजरातेतील हालोलची ओपेल ॲस्ट्रा, १९९८ ची होंडा सिटी, १९९९ ची फोर्ड आयकॉन अशा गाड्या येत गेल्या आणि इतिहासात प्रथमच भारतीय ग्राहकासमोर एकाच किमतीत भिन्न स्वभावाच्या गाड्या उभ्या राहिल्या. नव्या गाड्या पुरेशा मिळू लागताच जुन्या गाड्यांचा भाव घसरू लागला, पण तो सरसकट घसरला नाही. बाजाराचे माप होते ‘ॲव्हरेज’, म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर, आणि त्याला जोडून सुट्या भागांची उपलब्धता व पुन्हा विकताना मिळणारी रक्कम. या मापात मारुतीच्या गाड्या वर राहिल्या, आणि इंधन जास्त पिणाऱ्या किंवा कंपनीच मागे उरली नाही अशा गाड्या कोसळल्या. पूजोने १९९७ च्या सुमारास येथून पाय काढल्यावर ३०९ चे झालेले हाल हे याचे पहिले मोठे उदाहरण. वळणात तिच्याइतकी स्थिर राहणारी गाडी तोवर भारतात बनली नव्हती, पण बाजाराला त्याचे सोयरसुतक नव्हते.

या न्यायाचा सर्वांत बोलका बळी म्हणजे पुन्हा कुर्ल्यातलीच फियाट. २००१ मध्ये आलेल्या पालिओची जाहिरात सचिन तेंडुलकर करीत होता आणि तिच्या १.६ लिटर आवृत्तीत सोळा झडपांचे, सुमारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन होते, जे त्या काळच्या भारतीय हॅचबॅकमध्ये, म्हणजे मागचा दरवाजा काचेसकट वर उघडणाऱ्या आखूड गाड्यांत, अपूर्वच होते. जाड पत्रा, वजनदार दरवाजे आणि तेलाच्या दाबावर चालणारे, रस्त्याचा पोत हातापर्यंत पोहोचवणारे स्टिअरिंग यांमुळे ती घाटात जमिनीला चिकटून चाले. परंतु शहरात ती पेट्रोल पिई आणि दुरुस्तीच्या खर्चाबाबत तिचे नाव वाईट झाले. काही वर्षांतच ती तुलनेने किरकोळ रकमेला मिळू लागली आणि ज्यांना ॲव्हरेजची फिकीर नव्हती अशा तरुण चालकांनी ती वेचून उचलली. बाजाराने तिला टाकाऊ ठरवले म्हणूनच ती हौशी चालकाच्या आवाक्यात आली. टाटांच्या भागीदारीत रांजणगावला बनलेल्या लिनिया टी-जेटचे, म्हणजे टर्बो बसवलेल्या १.४ लिटर पेट्रोल गाडीचे, एका दशकाने हेच झाले.

अशी गाडी निवडताना पारख करण्याची रीतही बदलली. कार्ब्युरेटरच्या काळात कानाने जे ऐकू येई ते संगणकनियंत्रित इंधनपुरवठ्याच्या गाड्यांत ऐकू येत नाही. तेथे झडपा आणि पिस्टन यांचा ताल राखणारा रबरी टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती जास्त बोलते, कारण पुष्कळ इंजिनांत तो तुटला की पिस्टन झडपांवर आदळतात आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च उभा राहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, तेव्हापासून तर आसनाखालचा गाळ आणि सुरक्षा-पट्ट्यांच्या टोकांवरचे डाग पाहणे ही मुंबईच्या खरेदीदाराची सवयच झाली. चालवण्याच्या आनंदाच्या दृष्टीने मात्र सर्वांत दुर्लक्षित राहतात ते रबरी बुश, म्हणजे चाके धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांतील लहान गाद्या. त्या झिजलेल्या असल्या की उत्तम गाडीही वळणात ढिली वाटते आणि नवा मालक दोष गाडीच्या वयाला देतो.

वयाचा प्रश्न आता कायद्याच्याही हाती आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते आणि नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेले. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन बंदीचे सावट आले, तसे येथे आलेले नाही. तरी पन्नास-साठ हजारांच्या गाडीला कर, शुल्क आणि विमा यांचा बोजा परवडेनासा होतो आणि तिच्यातला स्वस्तपणा सरत जातो. कुर्ल्याच्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांकडच्या नीट राखलेल्या पद्मिनी मात्र आता संग्राहक शोधत फिरतात, आणि अशी एखादी गाडी विकायला निघाली की तिच्यासाठी पुन्हा एकदा मूळ किमतीहून अधिक पैसे मोजले जातात.