बेस गिटारसाठी कॉम्बो की हेड-कॅबिनेट?

चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. ड्रमच्या साथीत तो स्पष्ट उमटण्यासाठी समर्थ अ‍ॅम्प्लिफायर आवश्यक ठरतो.

कॉम्बोमध्ये अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर एकाच पेटीत असतात. घरचा सराव आणि लहान सभागृह यांसाठी तो सोयीचा. मात्र एक भाग बिघडला, तरी संपूर्ण पेटी दुरुस्तीला न्यावी लागते.

हेड म्हणजे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर, तर कॅबिनेट म्हणजे केवळ स्पीकरची पेटी. १९६९ साली आलेल्या ‘अँपेग एसव्हीटी’चे ३०० वॉटचे हेडच ३५ किलोंहून जड होते. आजची अनेक ‘क्लास डी’ हेड दोन-तीन किलोंचीच असतात. शिवाय कार्यक्रमानुसार एक किंवा दोन कॅबिनेट जोडता येतात.

जोडणी करताना मात्र दक्षता हवी. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडल्यास एकूण रोध ४ ओहम होतो. हेडवर नमूद केलेल्या किमान मर्यादेखाली तो गेल्यास हेड निकामी होऊ शकते. जोडणीस गिटारची नव्हे, स्पीकरचीच केबल वापरावी.

नवशिक्यास कॉम्बो पुरेसा आहे. लहानमोठ्या मंचांवर नियमित वाजवणाऱ्यास हेड-कॅबिनेटच अधिक उपयुक्त.