बास्केटबॉलमधलं ‘जर-तर’ टेबलावर ठरतं

खेळातलं ‘जर-तर’ म्हटलं की आपण सुटलेल्या झेलावर आणि शेवटच्या चेंडूवर तासन् तास बोलतो. आज मी टेबलावर घडलेल्या जर-तरबद्दल लिहितोय. गोष्ट अमेरिकेतल्या एनबीएची, पण माणूस मुंबईत वाढलेला. विवेक रणदिवे.

१९७० च्या दशकात या पोराला एमआयटीत शिकायला जायचं होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय डॉलर मिळत नसत. पठ्ठ्याने थेट गव्हर्नरच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडलं आणि परवानगी मिळवली. तिथे कुणी ‘बघू नंतर’ म्हणून वाटेला लावलं असतं तर?

दुसरं जर-तर २०१३ चं. सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ विकत घेऊन सिएटलला न्यायची तयारी झाली होती. सिएटलचाही आपला संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेलेला, त्यामुळे त्यांचं दुःखही खरंच. पण सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः एनबीए खेळलेले, त्यांनी दुसरे खरेदीदार जमवले. नगर परिषदेने नव्या स्टेडियमसाठी सरकारी पैसा मंजूर केला. त्यावर वादही झाला. रणदिवेंनी गोल्डन स्टेट वॉरियर्समधला आपला वाटा सोडून या गटाचं नेतृत्व घेतलं. १५ मे २०१३ ला संघमालकांनी मतदान केलं. स्थलांतराच्या विरोधात २२, बाजूने ८. संघ गावातच राहिला.

म्हणजे पुढचे सगळे निर्णय बरोबर आले असं नाही. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये लुका डॉन्चिच समोर असताना किंग्जने दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगली घेतला. डॉन्चिचने २०२४ मध्ये डलासला अंतिम फेरीत नेलं. सॅक्रामेंटोवाले अजून हळहळतात.

पण ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ मुंबईत वरळीला खेळला. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने, आणि पहिल्याला प्रेक्षक कोण, तर हजारो शाळकरी मुलं!

आपल्या सावेडीत पाइपलाइन रोड, गुलमोहर रोडच्या बाजूला घरं वाढतच चालली आहेत. मोकळ्या जागेवर गाळे होणार की मैदान, हेही टेबलावरच ठरतं. खेळाडू नंतर येतो, आधी ठराव येतो. म्हणून सभेत काय मंजूर होतंय त्यावर लक्ष ठेवा, नगरसेवकांना विचारा. वीस वर्षांनी ‘तेव्हा जागा ठेवली असती तर’ म्हणण्यात काय अर्थ?

तुमच्या भागात अशी कोणती जागा आहे? कमेंटमध्ये सांगा.