दुसऱ्या प्रतीची कुळकथा

घरच्या कॉम्प्युटरमधला मजकूर, फोटो आणि हिशेब यांची आणखी एक प्रत वेगळ्या जागी ठेवणे, याला आज घरोघरी बॅकअप म्हणतात. यंत्र नवे असले तरी ही चाल जुनी आहे. वऱ्हाडात तिचा सर्वांत ठळक दाखला तेराव्या शतकातला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे पीठ. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी इथे स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिले, आणि त्यांच्यातल्या म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या आधाराने स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जायचे, त्याला विचारायचे, पडताळायचे आणि मग लिहायचे, अशी त्यांची रीत होती. त्यातून लीळाचरित्र तयार झाले. परंपरा त्याचा काळ शके 1200, म्हणजे 1278 च्या सुमाराचा मानते.

ती मूळ प्रत टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजी फौजांच्या धामधुमीत ती नाहीशी झाली. ग्रंथ मात्र वाचला, कारण तो माणसांच्या पाठांतरात होता. एकपाठी म्हणून नावाजलेल्या हिराइसा यांच्यासारख्या अनुयायांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. एका मुळाच्या जागी अनेक पाठ आले: हिराइसा पाठ, पिढीपाठ आणि आणखी काही. त्यांच्यात लीळांच्या, म्हणजे प्रसंगांच्या, संख्येचा आणि शब्दांचा फरक आहे. पुढे मठामठांतून नकला होत गेल्या आणि पोथ्या दूरदूर पांगल्या. वि. भि. कोलते यांनी अशा पोथ्या ताडून सिद्ध केलेले संपादन महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1978 साली प्रसिद्ध केले. सातशे वर्षांनी असे संपादन करता आले, कारण प्रती अनेक होत्या आणि त्या एकाच छपराखाली नव्हत्या. बॅकअपच्या शास्त्रातले अर्धे ज्ञान या एका प्रकरणात आहे.

कॉम्प्युटर घरात शिरला तेव्हा साठवण आणि प्रत या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. 1980 च्या आसपासच्या छोट्या यंत्रांत वीज बंद झाली की सगळे पुसले जाई. म्हणून प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर भरून ठेवत. 1982 सालचा सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा त्यातला गाजलेला संच. भारतात 1984 साली शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो आले आणि अनेक मुलांनी पहिला कीबोर्ड तिथेच पाहिला. फ्लॉपीचा जन्म याआधीचा. आयबीएमने 1971 साली आठ इंची फ्लॉपी काढली, 1976 साली शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची आली आणि 1981 साली सोनीची साडेतीन इंची. वऱ्हाडातल्या बहुतेकांना आठवते ती ही शेवटची, 1.44 एमबीची.

खरा बॅकअप हार्ड डिस्कबरोबर आला. 1983 साली आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये 10 एमबीची डिस्क होती. त्याच वर्षीच्या डॉस 2.0 मध्ये बॅकअप आणि रिस्टोअर अशा दोन आज्ञा जोडीने दिल्या गेल्या. ही जोडी महत्त्वाची आहे, कारण पुढच्या काळात लोकांनी पहिली लक्षात ठेवली आणि दुसरी विसरली. काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. 20 एमबीची भरलेली डिस्क 360 केबीच्या फ्लॉप्यांवर उतरवायची तर सत्तावन्न फ्लॉप्या लागत. पडद्यावर पुढची फ्लॉपी घालण्याची सूचना येई, माणूस आधीची काढून तिच्यावर पेनाने क्रमांक टाकी, नवी घाली आणि ड्राइव्हची खरखर संपेपर्यंत थांबे. परत भरताना हाच क्रम पाळावा लागे, आणि मधली एखादी फ्लॉपी वाचली गेली नाही तर तिच्यावरच्या फायली गेल्याच. पावसाळ्यातल्या दमटपणाने फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरे. ती तशीच आत घातली तर ड्राइव्हचे हेडही घाण होई आणि पुढची चांगली फ्लॉपी त्या हेडने बिघडे. इतका खटाटोप घरी कोण करणार? म्हणून बहुतेक घरांत बॅकअप म्हणजे हव्या त्या दोन-चार फायली एका फ्लॉपीवर, एवढाच राहिला.

अमरावती-अकोल्यात 1990 नंतर असेंबल्ड पीसीचे दिवस आले. अमरावतीचे विद्यापीठ 1983 साली स्थापन झाले, बडनेरा आणि शेगावची अभियांत्रिकी महाविद्यालयेही त्याच वर्षीची. तिथून शिकलेली पोरे कॉम्प्युटर जोडून देऊ लागली. 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांनी तालुक्याच्या गावापर्यंत माऊस नेला. याच काळात एक घातक समजूत रुजली. दुकानदार एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देई आणि सांगे, ‘कामाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवा.’ सल्ला चुकीचा नव्हता. विंडोज बिघडले आणि सीला फॉरमॅट मारावा लागला तर डी शाबूत राही. पण डी म्हणजे वेगळी वस्तू नव्हे. डिस्कची मोटर गेली की सी आणि डी एकदमच जातात. असंख्य घरांतले लग्नाचे फोटो, प्रबंध आणि सोसायट्यांचे हिशेब या गैरसमजापायी गेले आहेत, आणि आजही जात आहेत.

त्या काळाने दोन धडे दिले. पहिला व्हायरसचा. 26 एप्रिल 1999 रोजी सीआयएच ऊर्फ चेर्नोबिल व्हायरस जगभर जागा झाला. हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग तो पुसून टाकी आणि काही यंत्रांची बायोस चिपही निकामी करी. आशियात त्याचा फटका मोठा होता, भारतही त्यातून सुटला नाही. दुसरा धडा विजेचा, आणि वऱ्हाडाला तो जास्त जवळचा. 2005 नंतरची काही वर्षे लोडशेडिंगने ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली की फायलींची नोंदवही अर्धवट राही. पुन्हा सुरू करताना निळ्या पडद्यावर तपासणी चाले, आणि शेवटी FOUND.000 या फोल्डराऐवजी नेहमीची फाईल सापडेल या आशेवर माणूस बसलेला असे. त्या फोल्डरात मूळ नाव हरवलेले तुकडे .chk अशा नावाने पडलेले असत. म्हणून इथल्या घरांत कॉम्प्युटरबरोबर यूपीएस हा चैनीचा नव्हे, गरजेचा भाग ठरला.

फ्लॉपीनंतर सीडी आली, 700 एमबीची. पाठोपाठ 4.7 जीबीची डीव्हीडी. स्टुडिओवाले लग्नाचे चित्रीकरण सीडीवर देऊ लागले आणि ती कपाटात अल्बमशेजारी जाऊन बसली. लोकांना वाटे की सीडी कायमची. घरी लिहिलेल्या सीडीत मात्र माहिती एका सेंद्रिय रंगाच्या थरात असते. ऊन आणि उष्णता यांनी तो थर हळूहळू खराब होतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो. खिडकीजवळच्या किंवा गाडीत राहिलेल्या सीडीला अशा उन्हाळ्यात फार वर्षे मिळत नाहीत. पेन ड्राइव्ह 2000 सालापासून बाजारात आला, तो नेआण करायला उत्तम, पण वर्षानुवर्षे जपून ठेवायला भरवशाचा नाही. खिशात मावणारी यूएसबी हार्ड डिस्क स्वस्त झाल्यावर घरच्या माणसाला पहिल्यांदा सगळ्याची प्रत एका वेळी, फ्लॉप्या न बदलता घेता आली.

प्रत असूनही माहिती हरवते, हा या कुळकथेतला सर्वांत दुखरा भाग आहे. महानुभावांनी चौदाव्या शतकात आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यातली प्रमुख. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण पंथाबाहेर कोणालाच त्या वाचता येईनात, आणि जुन्या मराठीतले सर्वांत मोलाचे गद्य विद्वानांच्या नजरेआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केल्यावर ते उजेडात आले. मराठी कॉम्प्युटरचेही असेच झाले. डीटीपीच्या काळात कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे फॉन्ट चालत. प्रत्येकाचा संकेत वेगळा, अक्षर एकच. फाईल सीडीवर जपली, पण फॉन्ट गेला तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्टही आला, तरी अनेक छापखान्यांनी आणि कचेऱ्यांनी जुने फॉन्ट पुढे कित्येक वर्षे सोडले नाहीत. त्या काळातल्या स्मरणिका, गावांचे इतिहास, कवितासंग्रहांच्या मूळ फायली अजून घराघरांतल्या सीडींवर आहेत. कन्व्हर्टर मिळतात तोवर त्या युनिकोडमध्ये आणून घेणे हे तातडीचे काम आहे.

2012 साली गूगल ड्राइव्ह आले. सप्टेंबर 2016 पासून जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले आणि फोनमधले फोटो आपोआप दूरच्या सर्व्हरवर जाऊ लागले. सोय मोठी, पण तिच्यातही एक फसगत आहे. आपोआप जुळवून ठेवणारी सेवा घरी पुसलेली फाईल तिकडेही पुसते. ठरावीक दिवस ती कचरापेटीत राहते, नंतर नाही. मे 2017 मधल्या वॉनाक्रायसारख्या खंडणीखोर व्हायरसने तर फायली कुलूपबंद केल्या आणि जोडून ठेवलेल्या बाह्य डिस्काही सोडल्या नाहीत. म्हणून प्रत झाली की डिस्कची वायर काढून ठेवावी.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मांडलेला नियम आज सर्वत्र चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. शेवटची अट लोक सर्वांत आधी सोडतात. जुलै 2021 मध्ये मोर्णा नदीच्या पुराचे पाणी अकोल्यातल्या वस्त्यांत शिरले. अशा वेळी कॉम्प्युटर आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच कपाटात असतील तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. अमरावती आणि अकोला यांत जेमतेम शंभरेक किलोमीटरचे अंतर. एका गावातल्या घराची डिस्क दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवायला खर्च काहीच येत नाही. दिवाळीला जाताना ताजी डिस्क न्यावी, जुनी परत आणावी. आणि आणलेली डिस्क कपाटात टाकण्याआधी तिच्यातल्या पाच-दहा फायली उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये.