पुष्पक आणि कुबेर

'हौसेला मोल नाही' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याचे आयुष्य सरकारी कचेरीत अनुदानाच्या फायली पुढे सरकविण्यात जाते, त्याला ही म्हण सहजासहजी पटत नाही. अनुदान म्हटले की त्याचे प्रयोजन आधी लिहावे लागते आणि वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र जोडावे लागते. 'हौस' हे प्रयोजन कोणत्याही लेखाशीर्षाखाली बसत नाही. असे असूनही गेल्या शतकात एक हौस अशी होऊन गेली की जिचे मोल सरकारांनी वर्षानुवर्षे भरले. ती हौस म्हणजे लहान विमानातून आकाशात विहरण्याची. भाड्यासाठी नव्हे, टपालासाठी नव्हे, शत्रूवर चालून जाण्यासाठीही नव्हे. केवळ उडण्याच्या आनंदासाठी जो उडतो, त्यास आपण हौशी वैमानिक म्हणू. त्याच्या हौसेचे मोल कोणी भरले, आणि भरणाऱ्याने त्याच्याकडून काय वसूल केले, हा प्रश्न मनात धरून हा इतिहास वाचला तर तो बराच बोधप्रद ठरतो.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा विमान ही वस्तू दोघांच्याच आवाक्यात होती : सैन्याच्या आणि श्रीमंताच्या. ती सामान्य माणसाच्या जवळ आणण्याचे श्रेय जॉफ्री डी हॅविलंड या इंग्रज विमानकाराकडे जाते. त्याने तयार केलेले 'मॉथ' हे दोन आसनांचे विमान २२ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम उडाले. डी हॅविलंडला फुलपाखरे व पतंग जमविण्याचा छंद होता. त्यावरूनच हे नाव पडले. या विमानाची सारी किमया काटकसरीत होती. युद्धातून उरलेली रेनो कंपनीची आठ नळकांड्यांची एंजिने गोदामांत पडून होती. त्या एंजिनाचा निम्मा भाग घेऊन फ्रँक हॅल्फर्ड या अभियंत्याने चार नळकांड्यांचे, साठ अश्वशक्तीचे नवे एंजिन उभे केले. मॉथचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे त्याला मोठ्या हँगरची गरज नसे; मोटारीसारखे ते साध्या छपरीत मावे. पेट्रोलची टाकी वरच्या पंखात असल्यामुळे पंपाचेही काम नव्हते. पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरे. शिक्षक पुढच्या आसनावर, शिष्य मागच्या आसनावर, दोघांच्याही डोक्यावर उघडे आभाळ, आणि वाऱ्याच्या घोंगावण्यात एकमेकांशी बोलण्यासाठी एक नळी, एवढ्यावर शिक्षण चाले. १९२८ साली शंभर अश्वशक्तीचे एंजिन बसवलेले 'जिप्सी मॉथ' निघाले. त्याची किंमत सुमारे साडेसहाशे पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेआठ हजार रुपयांच्या घरात होती.

एवढी रक्कम इंग्लंडातल्या मध्यमवर्गीयालाही परवडणारी नव्हती. तेथे सरकार पुढे आले. नागरी विमानवाहतुकीचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये हलक्या विमानांच्या क्लबांना अनुदान देण्याची योजना सुरू झाली. लंडन, लँकशायर, न्यूकासल इत्यादी ठिकाणी क्लब निघाले आणि दुकानदार, विद्यार्थी, कारकून उडू लागले. मात्र सरकार एकाएकी रसिक झाले होते असे समजण्याचे कारण नाही. राष्ट्रात विमानविद्येची गोडी वाढावी आणि प्रसंग पडल्यास वैमानिक हाताशी असावेत, हा हिशेब त्या अनुदानामागे उघड होता. हौशी माणूस आनंद घेत होता. सरकार त्याच्या नावावर कर्ज मांडून ठेवीत होते.

हीच पद्धत हिंदुस्थानात आली. १९२७ मध्ये नागरी विमानवाहतुकीचे खाते स्थापन झाले, त्याच सुमारास 'एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा' ही संस्था उभी राहिली आणि पुढील दोन-तीन वर्षांत दिल्ली, कराची, मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे सरकारी साहाय्याने क्लब सुरू झाले. मुंबईचा क्लब जुहूच्या चिखलवट मैदानावर होता. तेथे जहांगीर रतनजी टाटा हा चोवीस वर्षांचा तरुण शिकावयास आला. साडेतीन तासांच्या शिक्षणानंतर तो एकटा उडाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्याला मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता एक. टाटांच्या घरी विमान विकत घेण्याची ऐपत होती, हे खरे. परंतु क्लबांचे महत्त्व अशा घरांपुरते नव्हते. कराचीच्या क्लबात त्याच काळात अस्पी एंजिनीयर नावाचा एक पोरगेला मुलगा शिकत होता. त्याचे वडील रेल्वेत अभियंता होते. नोकरीवर जगणाऱ्या घरातला मुलगा आकाशात जाऊ शकला, तो क्लबामुळे.

१९३० सालचा मे महिना हौशी उड्डाणाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावा असा आहे. आगाखानांनी पाचशे पौंडांचे एक बक्षीस जाहीर केले होते : इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट, हे अंतर ठराविक मुदतीत एकट्याने उडत पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी. रावळपिंडीचे मनमोहन सिंग 'मिस इंडिया' नावाचे विमान घेऊन इंग्लंडहून निघाले आणि कराचीस पोचलेही. पण मुदत उलटून गेल्यामुळे बक्षिसास मुकले. एंजिनीयर तेव्हा सतरा वर्षांचे होते. मार्चमध्येच ते आर. एन. चावला यांच्याबरोबर इकडून इंग्लंडला उडत गेले होते. आता एकटे परत निघाले. टाटा ३ मे रोजी कराचीहून उलट दिशेने निघाले. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. एंजिनीयरांचा खोळंबा झाला होता. त्यांच्या विमानाला स्पार्क प्लग हवे होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याच्या हाती ठेवले आणि पुढची वाट धरली. टाटा इंग्लंडला पोचण्यापूर्वी, ११ मे रोजी, एंजिनीयर कराचीस उतरले व बक्षीस त्यांना मिळाले. आपल्याच हाताने बक्षीस दुसऱ्याला देऊन टाकण्याची ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. धंद्यात असे कोणी करीत नाही. हौशी माणसाच्या जगातला न्याय निराळा असतो, त्याचे हे बोलके उदाहरण आहे.

त्याच्या आदल्याच दिवशी, १० मे रोजी, कराचीस आणखी एक जिप्सी मॉथ उतरले होते. ते चालवीत होती ॲमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी. आमच्या वाचकांस तिच्याबद्दल विशेष आपुलकी वाटावी, कारण ती लंडनमधील एका सॉलिसिटरच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करीत असे. कचेरी सुटल्यावर ती विमान-क्लबात जाई; तेथेच ती उडावयास शिकली, एंजिन उघडून दुरुस्त करावयास शिकली. वडिलांच्या व एका धनिकाच्या मदतीने तिने जुने विमान घेतले आणि ५ मे रोजी ती ऑस्ट्रेलियाकडे निघाली. कराचीहून पुढे अलाहाबादला जावयाचे होते. वाटेत पेट्रोल संपत आले आणि ती झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरली. २४ मे रोजी ती डार्विनला पोचली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडणारी ती पहिली स्त्री. अनुदानित क्लब नसता तर ही मुलगी टंकयंत्रासमोरच बसून राहिली असती, असे म्हणावयास हरकत नाही.

हौशीतून काय निघेल याचा अंदाज आधी बांधता येत नाही. टाटांचा खेळ पुढे टपालसेवेत परिणत झाला. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाच्या कल्पनेतून व दोन लक्ष रुपयांच्या भांडवलावर ती उभी राहिली. सरकारने या सेवेस अनुदान नाकारले. जेवढे टपाल नेले तेवढ्याचेच पैसे द्यावयाचे ठरले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून 'पस मॉथ' घेऊन निघाले, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले, आणि तेथून व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग सारा संसार उचलून पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाशेजारील मैदानावर न्यावा लागे. पहिल्या पुऱ्या वर्षात, १९३३ मध्ये, या सेवेने १,६०,००० मैलांचे उड्डाण केले व १५५ उतारू नेले. हिंदुस्थानच्या विमानवाहतुकीचा हा पाया. तो घातला एका हौशी माणसाने, आणि तो शिकला होता सरकारी मदतीच्या क्लबात. १९२९ साली त्या क्लबाच्या उपयोगिता प्रमाणपत्रात हा लाभ कोणत्या रकान्यात लिहिता आला असता?

पुढे महायुद्ध आले आणि सरकारने आपले कर्ज वसूल केले. क्लबांतून तयार झालेल्या वैमानिकांना हिंदी विमानदलाच्या स्वयंसेवक दलात घेऊन किनारा-रक्षणाच्या तुकड्या उभारण्यात आल्या. मनमोहन सिंग युद्धात दाखल झाले व ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात मारले गेले. ॲमी जॉन्सन इंग्लंडात कारखान्यांतून विमानदलाच्या तळांवर विमाने पोचविण्याचे काम करीत होती. ५ जानेवारी १९४१ रोजी थेम्सच्या मुखाशी तिचा अंत झाला. अस्पी एंजिनीयर त्याआधीच विमानदलात गेले होते. ते १९६० ते १९६४ या काळात स्वतंत्र भारताच्या विमानदलाचे प्रमुख होते. काहींकडून मात्र आनंदच काढून घेतला गेला. लाहोरच्या क्लबात १९३६ साली, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसणाऱ्या सरला ठकराल यांना परवाना मिळाला तेव्हा त्यांना चार वर्षांची मुलगी होती. १९३९ मध्ये त्यांचे वैमानिक पती अपघातात गेले. व्यावसायिक परवान्यासाठी त्या जोधपूरला गेल्या, तोच युद्ध सुरू झाले आणि नागरी शिक्षण बंद पडले. त्या चित्रकलेकडे वळल्या, फाळणीनंतर दिल्लीस आल्या, आणि दागिने व कापडांचे नमुने काढून त्यांनी संसार सावरला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने क्लबांचे साहाय्य चालू ठेवले आणि एक पाऊल पुढे टाकले. क्लबांसाठी विमान येथेच घडवावयाचे ठरले. हे काम बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे आले. कोल्हापूर जिल्ह्यातून निघून ग्योटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवणारा हा मराठी माणूस. त्यांचे 'एचटी-२' हे शिक्षणाचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. त्यानंतर २८ सप्टेंबर १९५८ रोजी क्लबांकरिता दोन आसनांचे, नव्वद अश्वशक्तीचे लहान विमान उडाले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, आणि दोघांना शेजारीशेजारी बसण्याची सोय. त्याचे नाव 'पुष्पक'. अशी दीडशेवर विमाने तयार होऊन देशभरच्या क्लबांत गेली. मोठ्या युद्धविमानांच्या कथांत घाटग्यांचे हे साधे काम झाकले जाते; पण देशातल्या कितीतरी वैमानिकांची अक्षरओळख याच पाटीवर झाली.

नाव ठेवणाऱ्यांनी कितपत विचार केला होता कोण जाणे. पण पुराणातले पुष्पक मूळचे कुबेराचे. रावणाने ते बळाने नेले, श्रीरामांनी त्यातून अयोध्या गाठली आणि मग ते कुबेराकडे परत पाठवले. आमच्या पुष्पकाचेही काहीसे तसेच झाले. हळूहळू अनुदाने आटली, पेट्रोल व विमा महागले, जुनी विमाने निकामी झाली. १९८० नंतरच्या काळात शिक्षण हा मोठा व्यवसाय झाला. आज क्लबाच्या दारी येणारा तरुण बहुधा बापाने काढलेले लाखोंचे कर्ज पाठीवर घेऊन येतो. त्याला दोनशे तासांचा आकडा गाठून विमान कंपनीत नोकरी मिळवावयाची असते. त्यात त्याचा दोष नाही. पण रविवारी सकाळी नुसताच उडून परत येणारा माणूस त्या दारातून जवळजवळ नाहीसा झाला. उडणे पुन्हा कुबेराकडे गेले.

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना याची खूण दूर शोधावयास नको. सरोजिनीनगर, लक्ष्मीबाईनगर या सरकारी वसाहतींजवळच सफदरजंग, म्हणजे पूर्वीचा विलिंग्डन विमानतळ आहे. दिल्लीचा क्लब तेथेच वाढला. राजीव गांधी तेथेच उडावयास शिकले. आणि २३ जून १९८० रोजी तेथूनच निघालेले पिट्स जातीचे विमान कोसळून संजय गांधी व कॅप्टन सुभाष सक्सेना मृत्यू पावले. हौसेचे हे दुसरे मोल कोणतेही सरकार भरू शकत नाही. पुढे राजधानीच्या सुरक्षिततेच्या कारणाने तेथील लहान विमानांची उड्डाणे थांबली. त्या मैदानाच्या कडेला आज नागरी विमानवाहतूक मंत्रालयाचे राजीव गांधी भवन उभे आहे. धावपट्टी शांत आहे आणि फायली चालू आहेत.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. ज्या देशात शाळेला छप्पर नाही, तेथे थोड्यांच्या आकाशविहारासाठी खजिना का उघडावा? हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाही. परंतु इतिहासाची साक्ष अशी आहे की सरकारने अनुदान थांबविल्याने हौस थांबत नाही. ती फक्त धनिकांच्या घरी राहावयास जाते. आणि मग रेल्वेतल्या अभियंत्याचा मुलगा व कचेरीतली टंकलेखिका यांच्यात जो वैमानिक दडलेला असतो, तो दडलेलाच राहतो. तोटा त्यांचा होतो. तसाच देशाचाही होतो, फक्त तो कोणत्या ताळेबंदात दिसत नाही.

तरीही म्हण अगदीच खोटी नाही. कांदिवलीस राहत्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या वैमानिकाने अनेक वर्षे खपून सहा आसनांचे विमान उभे केले. २०१६ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. उडण्याचा परवाना मिळावयास २०१९ साल उजाडले. आणि २०२० मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. गच्चीवरून धावपट्टीपर्यंतच्या त्या वाटेवर जेवढे कष्ट विमानाने घेतले, तेवढेच कागदांनी घेतले असतील. त्या कागदांवर टिपणे लिहिणारे आपल्यासारखेच कोणी तरी असतात. अशी एखादी फाईल कधी आपल्या टेबलावर आली, तर प्रयोजनाच्या रकान्यापाशी लेखणी क्षणभर थांबवावी, आणि जुहूच्या चिखलात शिकणाऱ्या त्या पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे प्रयोजन आपण काय लिहिले असते, हे मनाशी विचारून पाहावे.