पाऊस, पीळ आणि वॉट : सायकलीच्या पॉवर मीटरचा इतिहास

१/ सायकलपटूच्या हँडलवरील छोट्या पडद्यावर '२५०' हा आकडा उमटतो. त्याचे पाय या क्षणी पेडलला २५० वॉट शक्ती देत आहेत, असा त्याचा अर्थ. या आकड्यावर आज सराव आखला जातो, संघनिवड ठरते. पण भर पावसात तो आकडा खरा असतो का? या प्रश्नाची मुळे १८५६ पर्यंत मागे जातात.

२/ त्या वर्षी विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन यांनी, तांब्याच्या व लोखंडाच्या तारा ताणून पाहिल्या. तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे त्यांना आढळले. बदल इतका सूक्ष्म होता की तो टिपण्यासाठी व्हीटस्टन सेतूसारखी संवेदनशील रचना वापरावी लागली.

३/ हे ज्ञान व्यवहारात उतरण्यास ८० हून अधिक वर्षे लागली. १९३८ मध्ये अमेरिकेत दोघांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती योजली : बारीक तार धातूच्या पृष्ठभागावर चिकटवायची आणि तिच्या रोधावरून त्या धातूवरील ताण ओळखायचा. कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स, तर एमआयटीमध्ये आर्थर रूज. हाच 'स्ट्रेन गेज'.

४/ रूज त्या वेळी भूकंपात उंच जलकुंभांचे काय होते, याचा अभ्यास करीत होते. म्हणजे हे उपकरण पाण्याच्या टाकीपायी जन्मास आले. आणि पुढे सायकलीवर चढल्यावर त्याचा मोठा शत्रू ठरले तेही पाणीच!

५/ सायकलपटूची शक्ती दीर्घकाळ प्रयोगशाळेतच, एका जागी स्थिर असलेल्या सायकलीवर मोजली जात असे. १९८६ मध्ये जर्मन अभियंता उलरिश शोबरर यांनी 'एसआरएम' ही कंपनी स्थापन केली आणि ही मोजणी रस्त्यावर आणली. क्रँक आणि दातेरी चक्र यांना जोडणाऱ्या भागात त्यांनी स्ट्रेन गेज बसवले.

६/ तत्त्व सोपे आहे. पायाच्या जोराने त्या भागाला किंचित पीळ पडतो. हा पीळ आणि क्रँक फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. मिनिटाला ९० फेऱ्या घेत २५० वॉट द्यायचे, तर सरासरी पीळ सुमारे २६.५ न्यूटन-मीटर भरतो.

७/ टूर द फ्रान्स तीनदा जिंकणारा अमेरिकन ग्रेग लेमाँड हा या यंत्राच्या आरंभीच्या व्यावसायिक वापरकर्त्यांपैकी एक. तोवर श्रमाचे माप म्हणजे हृदयाचे ठोके. पण ठोके उशिराने चढतात; उष्मा, जागरण, धास्ती यांनीही बदलतात. वॉट मात्र केलेले काम थेट सांगतो. विश्वास बसला तो यामुळेच.

८/ आता या विश्वासाचा पाया किती नाजूक आहे, ते पाहू. समजा गेजचा रोध ३५० ओहम आहे आणि पूर्ण जोर दिल्यावर धातू हजारांश भागाने ताणला जातो. नेहमीच्या गेजमध्ये यामुळे रोध बदलतो केवळ ०.७ ओहमने. त्यात एक टक्का अचूकता हवी, तर ०.००७ ओहमचा फरक ओळखता आला पाहिजे.

९/ येथे पाणी शिरते. ओलाव्याने गेजच्या दोन टोकांमध्ये विजेला चोरवाट मिळते. या वाटेचा रोध तब्बल १ कोटी ओहम असला, तरी गेजचा रोध सुमारे ०.०१२ ओहमने कमी भासतो. म्हणजे एका टक्क्याची मर्यादा ओलांडली गेली. पाण्याचा थेंब दिसण्याचीही गरज नाही. गोंदात मुरलेला दमटपणा पुरतो.

१०/ सेतूतील चारही गेज सारखेच भिजले, तर दोष परस्परांत विरून जाईल. पण पाणी असे न्यायाने वाटून शिरत नाही. शून्य केवळ १ न्यूटन-मीटरने सरकले, तरी ९० फेऱ्यांना पडद्यावर सुमारे साडेनऊ वॉटचा फरक पडतो.

११/ एसआरएमच्या जुन्या मीटरांवरील उपाय कडक होता : सर्व काही आत बंदिस्त. बॅटरी संपली की मीटर कारखान्याकडे पाठवावे लागे. पुढे घरच्या घरी बदलता येणारी बॅटरी आली, सोय झाली. पण तिच्या झाकणाच्या रूपाने पाण्याला नवा दरवाजा मिळाला. त्या दरवाजाची राखण एका रबरी कडीवर आली.

१२/ 'आयपीएक्स ७' या शिक्क्याचा अर्थही नीट समजून घ्यावा. १ मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटे बुडवूनही हानी होत नाही, एवढेच तो सांगतो. जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी, '५' आणि '६' या अंकांची. म्हणून पाऊस सोसलेले मीटर सायकल धुताना दाबाच्या फवाऱ्याखाली बिघडू शकते.

१३/ शिवाय हा शिक्का यंत्र जिवंत राहील असे सांगतो. ते खरे बोलेल असे नाही. पावसाबरोबर गारवा येतो. ऊन खात घाट चढलेले क्रँक धुक्यात उतरताना झपाट्याने थंड होते, धातू आकसतो आणि कोरड्या मीटरचेही शून्य सरकते. म्हणून तापमानाची भरपाई आणि निघण्यापूर्वी शून्य तपासणे, ही दोन्ही आवश्यक ठरली.

१४/ २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ उत्पादकांची, प्रत्यक्ष वापरातील ५४ मीटरे तपासली गेली. सरासरी चूक होती उणे ०.९ टक्का, पण मीटरामीटरांतील विचलन ३.२ टक्के. म्हणजे समूह म्हणून यंत्रे जवळपास खरी, परंतु हाती असलेले एक यंत्र खरे असेलच, याची हमी नाही.

१५/ मीटर बंद पडले तर सायकलपटूला कळते. भिजलेले मीटर मात्र बहुधा बोलत राहते. ३०० वॉट देणाऱ्या खेळाडूला ते २८५ दाखवते. प्रशिक्षक त्याला थकलेला समजतो, खेळाडू स्वतःवर अधिक जोर लादतो. दोष यंत्राचा, शिक्षा शरीराला.

१६/ यावरचा इलाज जुन्या तराजूइतकाच साधा आहे. १७५ मिलिमीटरच्या क्रँकला, ते आडवे धरून, २० किलोचे प्रमाणित वजन टांगावे : पीळ सुमारे ३४.३ न्यूटन-मीटर दिसला पाहिजे. वाण्याचे माप अधूनमधून तपासून घेतले जाते, मग पायांचे माप विनातपासणी का मानावे? विशेषतः पावसाळ्यानंतर.

(समाप्त)